मुदत

करारनाम्यात अकरा कलमं.
भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मांजर पाळायचं नाही,
रात्री दहानंतर वाद्य वाजवायचं नाही.
खिडकीच्या फळीवर पाण्याचा डाग पडता कामा नये.
झाडांबद्दल अवाक्षर नव्हतं.
मी दोनदा वाचलं,
मग सही केली: मादारा.

रिगा, सहावा मजला, जानेवारी.
सूर्य येतो तो नऊला, कोटही न काढता
जरा टेकल्यासारखं करतो,
आणि चारच्या आत उठतो.
खाली रेडिएटर रटरटतो, वर काच गारठते.
मधली वीतभर फळी तेवढी माझी.

केफिरचं खोकं मधोमध कापलं की दोन कुंड्या होतात.
खाली बशी म्हणून धुरी दिलेल्या माशांचे चपटे डबे.
तीनदा घासले तरी वास जात नाही,
पण पुदिन्याची तक्रार नाही.
चुक्याची पानं जिभेसारखी लांबतात.
बरणीच्या तोंडावर बसवलेला कांदा
पाण्यात पाय सोडून वर हिरवी पात काढतो,
माती न मागता.
आणि शेपू.
शेपूशिवाय आम्ही बटाटा उकडत नाही,
काकडी खारवत नाही, कुणाला जेवायला बोलवत नाही.
बाजारात जुडी मिळते, परदेशी, प्लास्टिकमध्ये श्वास कोंडलेली.
म्हणून हा. काटकुळा, काचेकडे झुकलेला.
रोज सकाळी कुंडी अर्धी फिरवते;
संध्याकाळपर्यंत तो परत तिकडेच मान वळवतो.

शेवटी जांभळा दिवा आणला, हप्त्यावर.

समोरच्या इमारतीत आउस्माबाई राहतात,
चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त.
रात्री अकराला माझी खिडकी जांभळी,
पहाटे पाचला जांभळी.
त्यांनी नकाशा जोडला असणार:
एकटी बाई, पडदे लावलेले, पार्सलं, भलतंसलतं पीक.
घरमालकाला चिठ्ठी गेली.

ओयार्स आला न कळवता.
दारात बूट काढले, मोज्याला भोक,
ते दुसऱ्या पायाखाली लपवलं.
"बघू तुझं पीक," म्हणाला.
मी बाजूला झाले.
तो वाकला. चष्मा कपाळावर चढवला.
दोन बोटांत शेपूची काडी चुरडली,
नाकाशी नेली,
आणि तसाच उभा राहिला,
बस चुकलेल्या माणसासारखा.

मग फळीवर अंगठा फिरवून डाग शोधला.
एक होता. नाण्याएवढा.
काही बोलला नाही.
चहा घेतला, साखर नको म्हणाला,
हेरिंगबरोबर खायला मूठभर शेपू घेऊन जाऊ का, विचारलं.
मी कात्री दिली.
त्यानं जरा जास्तच कापला.

बूट घालताना, पाठमोरा,
नाडीकडे बघत म्हणाला:
"माझा मुलगा डब्लिनहून परत येतोय.
बायकोसकट. जागा लागेल.
कायद्यानं तीस दिवस. कागद पाठवतो."
खिशातून शेपूचा तुरा डोकावत होता.
मला राग यायला हवा होता, तो आला,
पण नंतर, भांडी घासताना,
आणि आला तो मुलाच्या बायकोवर,
जिला मी पाहिलंही नाही.

शेपू पेरल्यापासून ताटात यायला चाळीस दिवस.
मला तीस.
चुका अजून लहान. पुदिना चिवट आहे,
मुळीसकट ओल्या फडक्यात बांधला तर येईल कुठेही,
ट्राममध्ये मांडीवर बसून.
बाकीच्यांचं काय करायचं,
हे कुठल्या कलमात लिहिलेलं नाही.

रात्री कपाट आवरताना एक पुडी सापडली,
अळिवाची.
अळिवाला माती लागत नाही,
बशीत ओला कापूस पुरतो.
दुसऱ्या दिवशी बी फुगून चिकट होतं,
चौथ्या दिवशी शेपट्या फुटतात,
दहाव्या दिवशी लोण्यावर, काळ्या पावावर,
तिखट.

कापूस ओला केला.
माशांचा एक डबा रिकामा होता.
दिवा लावला, पडदा मात्र या वेळी उघडाच ठेवला.
समोर आउस्माबाईंची सावली काचेशी आली.
बघू दे.

तीस भागिले दहा.
तीन पिकं निघतील.